काकूंचे दोन मजले

काकू झकास चालत होत्या. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. मी मागून त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला धरून होते, पण धरण्याची फारशी गरज नव्हती. तेवढ्यात वॉर्डच्या दारात तीन बायका दिसल्या. साड्या नेसलेल्या, हातात स्टीलचे डबे. काकूंनी त्यांना पाहिलं, वॉकर माझ्याकडे ढकलला, पलंगावर टेकल्या, चादर छातीपर्यंत ओढली आणि डोळे मिटून कण्हल्या, "आई गं!"

बायका पलंगाभोवती उभ्या राहिल्या. "बघा कशा झाल्यात. सून बिचारी, वैशाली एकटी काय काय करणार?" एक म्हणाली. दुसरीनं डबा ठेवला. तिसरीनं मला हिंदीत विचारलं, "सिस्टर, कब तक चल पाएँगी?" मी मराठीत सांगितलं की मी नर्स नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि काकू आत्ताच चालत होत्या. कुणी ऐकून घेतलं नाही. दहा मिनिटांत त्या गेल्या.

काकूंनी एक डोळा उघडला. "गेल्या?"

"गेल्या. हे काय होतं काकू?"

"तुला नाही कळायचं ते. आण तो वॉकर, राहिलेलं चालू या."

मी तेव्हा शारजातल्या एका हॉस्पिटलमध्ये होते. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. काकू म्हणजे शकुंतलाबाई, वय सहासष्ट, मूळच्या कराडच्या. मुलगा प्रसाद दुबईत एका बँकेत, सून वैशाली एका ऑफिसमध्ये अकाउंट्सला. शारजातल्याच अल नहदा भागात एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. काकू नातीसाठी म्हणून आल्या आणि बाथरूममध्ये घसरल्या. खुबा मोडला. मांडीचं हाड कमरेच्या खोबणीत जिथे बसतं तिथे वर एक गोळा असतो. त्याची मान मोडली की या वयात ती सहसा जुळत नाही. मग सर्जन तो गोळा काढून धातूचा बसवतात. दुसऱ्याच दिवशी आम्ही पेशंटला उभं करतो. नातेवाइकांना हा छळ वाटतो. पण म्हातारं माणूस पलंगावर पडून राहिलं की मांडीचा स्नायू बघता बघता उतरतो, आणि एकदा उतरला की परत चढता चढत नाही.

त्याच आठवड्यात आमच्याकडे मिसेस पार्कर आल्या. इंग्रज बाई, काकूंपेक्षा थोड्या मोठ्याच. नवरा तेल कंपनीत होता. बोटीच्या पायरीवरून पडल्या. तोच खुबा, तोच सर्जन, तसलाच धातूचा गोळा. दोघींना एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी चालवायची वेळ यायची. मिसेस पार्कर दात ओठ खात चालायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "बघा, आज दारापर्यंत!" त्यांना भेटायला येणाऱ्या मैत्रिणी टाळ्या वाजवायच्या. आमच्या काकू कुणी आलं की पलंगावर.

आमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसात एक पांढरा बोर्ड होता. त्यावर प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एक अक्षर. एच किंवा सी. एच म्हणजे हाउसहोल्ड. पेशंट घरातल्या घरात चालला, पलंग ते बाथरूम, तरी आमचं काम झालं. सी म्हणजे कम्युनिटी. त्यानं बाहेर पडायचं, जिने चढायचे, बाजारात जायचं. एच असेल तर पेशंट लवकर घरी, सोबत व्यायामाचा एक कागद. सी असेल तर पुढचे कित्येक आठवडे ट्रीटमेंट. म्हणजे त्या एका अक्षरावर पुढचं सगळं ठरायचं. मिसेस पार्करपुढे सी होतं. काकूंपुढे एच. दोघी ॲडमिट झाल्या त्याच दिवशी ते लिहिलं गेलं, पाऊलही टाकायच्या आधी. युरोपियन म्हातारी सी, आपली किंवा अरब म्हातारी एच, हे आमच्यात इतकं मुरलं होतं की कुणी विचारायचं नाही.

आमचे हेड होते मिस्टर हानी, इजिप्शियन. मनानं चांगला माणूस, आवाज मोठा, घाई कायमची. त्यांनी त्या महिन्यात साठीच्या पुढच्या पेशंट्सची वर्षभराची यादी काढली. हॉस्पिटलच्या वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये बोलायचं होतं. आधी आम्हाला दाखवली. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, थोडं चालून वळून परत येऊन बसायला किती वेळ लागतो, जिना चढता येतो का, असल्या साध्या टेस्ट. गोरे वर, मग फिलिपिनो, मग अरब, आणि सगळ्यात खाली आपण. इंडियन लेडीज.

"रेशियल डिफरन्स," हानी सर म्हणाले. "हाडं लहान, स्नायू कमी, सूर्य अंगाला लागू देत नाहीत. आम्ही अरबही काही वेगळे नाही. काय करणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं पाहायचं काही कारण नव्हतं, पण खोलीत इंडियन मी एकटीच होते. माझे कान गरम झाले. स्थानिक अरब म्हाताऱ्या गाडीतून उतरतानाच व्हीलचेअरवर बसून यायच्या, मागे ढकलायला मोलकरीण. चहाच्या वेळी आम्ही त्यांना हसायचो. माझं हसणं सगळ्यात मोठं असायचं. आता आपलं नाव त्यांच्याही खाली होतं.

"सर, आमच्याकडे या वयाच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात," मी म्हटलं.

"मग त्या इथे का येत नाहीत?"

"त्यांची मुलं बँकेत नसतात, म्हणून."

सगळे हसले, सरही हसले. मी मात्र चिडलेली होते. मी म्हटलं, "बेड नंबर चारचं, शकुंतलाबाईंचं एच पुसा. सी करा. ही बाई दोन मजले चढून दाखवेल."

दोन मजलेच का, तर ते काकूंनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. काकू एकट्या राहायच्या, कराडला, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये. लिफ्ट नाही. थोरला मुलगा अविनाश पुण्यात. तो कधीपासून मागे लागला होता, आई, ते घर विक आणि आमच्याकडे ये. काकूंना जायचं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून त्यांची हयात गेली होती. मुलींचा खो-खोचा संघ त्याच तयार करायच्या. अजून त्यांच्या जुन्या पोरी, आता स्वतः आज्या झालेल्या, संध्याकाळी येऊन बसायच्या. "मला माझ्या घरी जायचंय मृणाल," त्या म्हणाल्या होत्या. "अविनाश म्हणतो, जिना चढता आला तर जा, नाहीतर पुण्याला. तू मला तेवढे दोन मजले चढव. बाकी मी बघून घेते."

हानी सरांनी बोर्डावरचं एच बोटानं पुसलं. "चार आठवडे," ते म्हणाले. "मी स्वतः बघायला येईन. यल्ला, चला कामाला."

पुढच्या आठवड्यात काकू घरी गेल्या. मी शारजातच राहायचे, त्यामुळे दुपारी ड्यूटी संपली की त्यांच्याकडे जायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी बघितलं तर काकू हॉलमध्ये भाड्याच्या व्हीलचेअरवर. शेजारी टीपॉयवर पाणी, गोळ्या, रिमोट आणि एक घंटी. समोर नात, वय सात.

"चला काकू, उठा."

काकू उठायला लागल्या तशी नात ओरडली, "आजी, डोन्ट गेट अप! ममा विल शाउट ॲट मी!" तिला राखणीलाच ठेवलं होतं. वैशाली किचनमधून धावत आली. आईंना काय हवंय, मी देते की.

"त्यांना चालायला हवंय," मी म्हटलं.

"सकाळी चालल्या ना, बाथरूमपर्यंत."

तेवढ्यात प्रसादही आला. टाय सैल करत म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण आईनं आयुष्यभर कष्ट केलेत. बाबा लवकर गेले. आम्हा दोघांना तिनं एकटीनं वाढवलं. आता तरी तिला बसून खाऊ दे की. आम्ही कशाला आहोत?"

मला राग आला. कारण तो मुलगा खरंच चांगला होता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी वैशालीला आत बोलावलं आणि जरा फटकळपणेच विचारलं, "तुम्हाला त्या परत चालायला हव्यात की नकोत?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, तुम्ही उद्या केस बंद करून जाल. मला याच बिल्डिंगमध्ये राहायचंय. या टॉवरमध्ये आपली सात-आठ घरं आहेत. परवा आई वॉकर घेऊन किचनच्या दारात आल्या, नुसतं पाणी घ्यायला. नेमक्या तेव्हा शेजारच्या आल्या. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हळदीकुंकवात चर्चा, वैशालीनं सासूला ऑपरेशननंतर आठ दिवसांत कामाला लावलं. मी दोन आठवडे रजा टाकलीय, कुणाला सांगू?"

बाहेर येऊन मी काकूंना विचारलं, वॉर्डात पाहुणे आले की तुम्ही पलंगावर का जायचात. काकूंनी आत कानोसा घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, पोरीनं माझ्यासाठी रजा टाकलीय. मी टुणटुणीत चालताना दिसले तर लोक म्हणतील, मग ही घरी कशाला बसलीय? सासूच्या नावावर आराम करतेय. तिच्या ऑफिसातल्याही दोघी बायका याच बिल्डिंगीत आहेत."

म्हणजे सासू सुनेची अब्रू वाचवायला झोपून राहत होती आणि सून स्वतःची अब्रू वाचवायला सासूला झोपवत होती. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. आणि या सगळ्यात मांडीचा स्नायू दिवसेंदिवस पातळ होत होता. मी टेपनं मापला तेव्हा तो हॉस्पिटलातून निघताना होता त्याहून कमी भरला. मला हानी सरांचा कागद आठवला. हाडं लहान, स्नायू कमी. मला इतकी लाज वाटली की मी ते माप फाइलमध्ये लिहायला दुसरा दिवस लावला. त्यात वंशाचा काहीही संबंध नव्हता. हे आपलं आपणच करत होतो, आणि वर त्याला सेवा म्हणत होतो.

आता मी काय केलं ते सांगते. त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

प्रत्येक टॉवरला आगीच्या वेळी उतरायचा एक जिना असतो. जाड दरवाजा, आत उघडं सिमेंट, ट्यूबलाइट. अकराव्या मजल्यावर राहणारं कुणीही चुकूनसुद्धा तिथे फिरकत नाही. मी वैशालीला म्हटलं, दुपारी तीन ते चार बिल्डिंग झोपलेली असते. त्या वेळात आम्ही जिन्यावर जाऊ. लिफ्टपाशी कुणी भेटलं तर सांगायचं, हॉस्पिटलला चाललोय. कुणाला काही कळणार नाही. वैशालीचा चेहरा उजळला. काकूंचाही. प्रसादला "व्यायाम चालू आहे" एवढंच सांगितलं.

जिन्याचा आमच्या धंद्यातला एक साधा नियम आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काकूंना तो एकदाच सांगावा लागला. पहिल्या दिवशी पाच पायऱ्या चढल्या आणि कठड्याला धरून धापा टाकत उभ्या राहिल्या. "खो-खोत खांब पकडायचा तसा पकडू का?" म्हणाल्या. मी म्हटलं, पकडा, पण उडी मारू नका. पुढच्या आठवड्यात त्या अर्धा मजला चढल्या. मग एक. मी चुकून हात पुढे केला तर फटकारायच्या, "सोड! पडले तर सांगेन." शाळेतली बाई जागी झाली होती. त्या दरवाज्याच्या आत त्यांची पाठ सरळ व्हायची, आवाज खणखणीत व्हायचा. दरवाजा उघडून कॉरिडॉरमध्ये आलं की पुन्हा वाकून, व्हीलचेअरमध्ये. मी ढकलायची. आम्ही दोघी हसायचो. चोरून चिंचा खाल्ल्यासारखी मजा यायची.

चौथ्या आठवड्यात हानी सर आले. वेळ अर्थात दुपारी तीनची. आगीच्या जिन्यात टाय घातलेला तो लठ्ठ माणूस खाली उभा राहिला आणि काकू हातात फक्त काठी घेऊन चढायला लागल्या. पहिला मजला झाला. वळणावर दम घेतला. दुसरा झाला. वरून त्यांनी हाक मारली, "मृणाल, त्यांना म्हणावं, या की वर. खाली काय उभे राहिलेत?" मी भाषांतर केलं. हानी सर चढले. वर पोचेपर्यंत काकूंपेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती. काकूंनी त्यांना बसायला पायरी दाखवली.

सर बसले. रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "माझी आई गावी आहे. सहा वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणाली. मी इथून तिला खुर्ची पाठवली. जर्मन. सगळ्यात चांगली. गावात तसली कुणाकडेच नाही." त्यांनी रुमालाची घडी घातली. "ती त्यातून कधी उठलीच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे."

काकूंनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, तुमचं कौतुक करतायत. मला खरं सांगवेना. घरोघरी मातीच्या चुली असतात, हे मला माहीत होतं. त्या दिवशी ती चूल हेडच्या घरातही निघाली.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर काकूंच्या नावापुढे सी तसंच होतं, फक्त त्याभोवती सरांनी गोल काढला होता. मी त्या दिवशी हवेत होते. मीटिंगमध्ये सर आता वेगळं बोलतील, एच आणि सी वंश बघून लिहिणं बंद होईल, काकू कराडला जातील. सगळं मनात ठरवून झालं होतं.

काकूंचं जायचं तिकीट आलं. मी निरोप द्यायला एअरपोर्टवर गेले. गर्दीत शोधलं तर काकू व्हीलचेअरवर. मागे एअरलाइनच्या युनिफॉर्ममधला माणूस. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

मी प्रसादकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "अहो मॅडम, व्हीलचेअर सगळेच घेतात. लाइन नाही, इमिग्रेशनची कटकट नाही, तो माणूस थेट बाहेर दादाच्या हातात सोडतो. आईला एकटीनं मुंबई एअरपोर्ट झेपायचं नाही."

ते खरंच होतं. आजही बघा. आखातातून येणारं प्रत्येक विमान उतरलं की दारात खुर्च्यांची रांग लागलेली असते. त्यात बसणाऱ्या निम्म्या आज्या विमानात शिरताना धडधाकट असतात. मुलं प्रेमानं तिकिटाबरोबर खुर्ची सांगतात, नाहीतर आईला नुसतं विमानात बसवून दिलं असं वाटतं. मी काकूंच्या कानाशी वाकले. "बाहेर पडताना उठून चालत जा हं."

"हो गं," त्या म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी प्रसादकडे बघितलं.

आठवड्यानं मी प्रसादला फोन केला. कराडला पोचल्या का विचारलं. तो थोडा अडखळला. "नाही, दादानं पुण्याला नेलं."

"का? त्या दोन मजले चढतात की!"

"मॅडम, दादा एअरपोर्टवर उभा होता. आई खुर्चीतून बाहेर आली. तो म्हणाला, तू फोनवर सांगतोस आई चालते. मी माझ्या डोळ्यांनी बघितली, ढकलत आणली तिला."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

जिन्याचं त्यालाही वैशालीनं नंतरच सांगितलं होतं. "काय सांगू? इतक्या मोठ्या ऑपरेशननंतर आम्ही आईला आगीच्या जिन्यात चढवत होतो, असं? दादा मला उभा जाळेल. वैशालीला तर वहिनी आयुष्यभर ऐकवेल."

"आणि काकू? त्या काय म्हणाल्या?"

"आई काही बोलली नाही. ती आमच्यासाठी कधीच काही बोलत नाही."

मी अविनाशना पुण्याला फोन लावला. फार सभ्य माणूस. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं प्रोफेशन आहे, तुम्ही तसंच म्हणणार. पण मला सांगा, आईला जिना चढताना कुणी बघितलं?" मी म्हटलं, मी बघितलं, आमच्या हेडनी बघितलं. "म्हणजे घरातल्या कुणीच नाही," ते म्हणाले. "असू दे. आम्ही तिला अगदी राणीसारखं ठेवलंय. कराडच्या घराला गिऱ्हाईक बघतोय."

मी फोन ठेवला. कुणी बघितलं? कुणीच नाही. कुणी बघू नये म्हणून तर मी दुपारची वेळ काढली होती, जाड दरवाजा निवडला होता. पाय मी बरा केला. पण चालणं ही लपवायची गोष्ट आहे हे मीच त्या घराला शिकवलं, तेही हुशारी म्हणून. शेजारणींसमोर कॉरिडॉरमधून चालवलं असतं तर चार दिवस बोलणी खावी लागली असती, वैशालीला आणि मलाही. लोकांची तोंडं दुखली की आपोआप मिटतात. तेवढं सोसायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी त्याला युक्ती म्हटलं.

तीन महिन्यांनी आमच्याकडे फॉलो-अप घ्यायची पद्धत होती. मिसेस पार्करनी चालत येऊन स्वतः रिपोर्ट दिला. काकूंच्या ओळीशी हानी सर थांबले. "युवर टीचर?"

मी सांगितलं, "हाउसहोल्ड."

त्यांनी मान वर केली नाही. पेन थोडा वेळ कागदावर अडलं, मग त्यांनी एच लिहिलं. त्यांनी काही विचारलं असतं तर मी भांडले असते, खुलासा केला असता. विचारलं नाही, तेच जास्त लागलं. मीटिंगमध्ये त्यांचा तक्ता जसा होता तसाच गेला. फक्त आता त्यात काकूही खालच्या रांगेत होत्या. रेशियल डिफरन्स. कुणी हरकत घेतली नाही. कशाला घेतील? वंश म्हटलं की कुणाच्याच घरी चूक निघत नाही. मीसुद्धा गप्प बसले. शरमेनं माझी मान वर होत नव्हती, आणि ती शरम हाडांच्या मापाची नव्हती.

वर्षभरानं एका दुपारी घरी फोन वाजला. काकूंचा आवाज. प्रसादकडून नंबर घेतला होता. आवाज दबलेला, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.

"मृणाल, कशी आहेस पोरी?"

मी विचारलं, "काकू, पाय कसा आहे? चालता का?"

"चालते की. अगं, इथे सगळे फार करतात माझं. उठू देत नाहीत. पण दुपारी सून झोपते ना, बाई भांडी घासून जाते, तेव्हा मी हळूच दार ओढून घेते आणि जिन्यावर जाते. दोन मजले वर, दोन खाली. कुणाला पत्ता नाही." त्या हसल्या. "तुझ्याकडूनच शिकले बघ."

मग म्हणाल्या, "ठेवते हं. उठली वाटतं ती."

शारजा सोडून मला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात माझं छोटं क्लिनिक आहे. वयस्क पेशंट आला की सोबतचा मुलगा किंवा सून खुर्ची पुढे ओढते, हाताला धरते, त्यांच्या वतीनं बोलायला लागते. पूर्वी मी विचारायचे, हे किती चालतात? आता विचारते, तुम्ही यांना चालू देता का, आणि लोकांसमोर चालू देता का? वय, वजन, जुनी दुखणी यांची उत्तरं चटकन मिळतात. या प्रश्नाला मात्र मुलगा सुनेकडे बघतो, सून सासूकडे, आणि सासू जमिनीकडे. मी पेन हातात धरून बसून राहते.